खानापूरहून हायडेलबर्गला निघालेल्या पोरीस

तुझा प्रश्न सरांनी इथं माझ्याकडे पाठवला. एम.एस्सी. झालीय, गर्भातल्या उंदराच्या आतड्याचं अस्तर आणि त्यातली केराटिन, म्हणजे पेशीला आतून आधार देणारी तंतूंसारखी प्रथिनं, यावर जर्मनीत पीएच.डी.ची जागा मिळतेय, घरचे 'जा' म्हणत नाहीत आणि 'नको'ही म्हणत नाहीत. काय करू, असं विचारलंयस. व्हिसा, विमा, बँकेतली रक्कम हे सगळं वकिलातीच्या पानावर आहे, तिथंच वाच.

विषय चांगला आहे, आणि गावही त्या विषयाचंच. माणसाच्या केराटिनांची पहिली क्रमवार यादी इथल्याच कर्करोग संशोधन केंद्रातल्या मंडळींनी १९८२ साली केली, १ ते १९. आतड्यातलं २० क्रमांकाचं १९९० मध्ये आलं. ८, १८, १९ अस्तरातल्या खालच्या खळग्यांपासून, म्हणजे क्रिप्टपासून दिसतात. २० मात्र पेशी वर सरकून पिकली की. स्लाइडवर विलायचा, म्हणजे अस्तरातून वर आलेल्या बोटांसारख्या उंचवट्यांचा, वरचा भाग उजळतो, पहिल्यांदा बघशील तेव्हा कुणाला तरी हाक मारावीशी वाटेल. एकटं केराटिन टिकत नाही, जोडीदार नसला की पेशीच ते मोडून टाकते. १८ काढलं तर १९ बरंच भागवून नेतं. ८ काढलेल्या उंदरांची बहुतेक पिल्लं पोटातच गेली. दुसऱ्या वंशातली जगली, पण त्यांचं मोठं आतडं सुजलं.

पण हे तुला येतंच. येत नाही ते दिवसांचं गणित. सकाळी मादीला प्लग, म्हणजे रात्री नराशी मिलन झाल्याची खूण, दिसला की त्या दुपारी गर्भ अर्ध्या दिवसाचा धरायचा. तोवर सपाट असलेल्या अस्तरातून विलाय वर यायला लागतात साधारण साडेचौदाव्या दिवशी. म्हणजे रविवारी प्लग दिसला तर पंधरवड्यानं पुन्हा रविवारच गेला. गणपती असो नाहीतर घरी कुणी आजारी असो, गर्भ थांबत नाही. बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा माझ्या प्रयोगातल्या गर्भांचा सोळावा दिवस चालू होता. बाबा बरे झाले, म्हणून हे सांगायचं धाडस होतंय.

कागदांचं ऐक. माझा जन्मदाखला हाती लिहिलेला, कन्नडमधला. पासपोर्टवर बेळगाम, लग्नाच्या दाखल्यावर बेळगावी, कारण मधे १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं. मुलीचा जुना दाखला एक सांगतो, नवी प्रत दुसरं. इथल्या कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, ही दोन गावं आहेत का? आम्ही तिसरंच नाव घेतो, हे काय सांगणार! त्यात आडनाव, येळ्ळूरकर. एका कागदावर वाय-ई, एकावर वाय-ए. शपथेचा अनुवादक कन्नडचा शोधायला लागला, मराठीचा नव्हे. घरात कन्नड कागदावरून भांडणं ऐकत वाढलेला मी, इथं कन्नड वाचणाऱ्या माणसाच्या दारात सात आठवडे उभा होतो.

एकटेपणाचं काय, तर तो वाटतो. कुकर घेऊन ये.

मुलीच्या शाळेचं मात्र अजून पचलेलं नाही. तुला मूल नाही, मग हे तुला कशाला, असं म्हणशील. तरी ऐक. आम्ही २०१६ ला आलो तेव्हा ती आठ वर्षांची. आधी जर्मन शिकवणाऱ्या वेगळ्या वर्गात बसवलं. इथं चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला, कुणी खालच्या शाळेत. गणितात ती पहिली. तरी बाईंनी गोड बोलून खालच्या शाळेची शिफारस लिहिली, भाषा कच्ची म्हणून. तेव्हा ती शिफारस पालकांना नाकारता येत होती, मला ते ठाऊकही होतं. मी मान हलवली आणि सही केली.

आमचे बाबा सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला तरुणपणापासून जात आले. शाळा मराठी राहावी म्हणून त्यांनी लाठ्या खाल्ल्या. आणि त्यांचा मुलगा एका बाईंसमोर 'माझ्या पोरीला अजून एक वर्ष द्या' एवढं एक वाक्य बोलला नाही. जर्मन येत नव्हतं असं मी घरी सांगितलं. येत होतं. पाहुण्यानं यजमानाशी वाद घालू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. पोरगी आता सतरा वर्षांची आहे, तिला काही वाटत नाही म्हणते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ये की नको, ते मला सांगता येत नाही. येणार असशील तर तुझ्या जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या मार्ककार्डावर आडनाव कसं लिहिलंय ते आजच काढून बघ, आणि दोन्हींचे फोटो मला पाठव.