फायरवॉल घेताना कोणता आकडा पाहावा?

प्रश्न: आमच्या सीए ऑफिसात २५ संगणक आणि ३०० एमबीपीएसची लाइन आहे. विक्रेता ‘५ जीबीपीएस’ची फायरवॉल (नेटवर्कची येणारी-जाणारी रहदारी तपासणारी पेटी) सुचवतो. पुरेल का? घरून टॅली वापरण्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट उघडं ठेवलं आहे.

उत्तर: ते पोर्ट आजच बंद करा, खरेदी नंतर. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून संगणक चालवण्याचं, हे पोर्ट इंटरनेटवरून सतत चाचपलं जातं. एक कच्चा पासवर्ड सापडला की रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) थेट सर्व्हरवर. पोर्टचा नंबर बदलूनही भागत नाही, स्कॅनरला तो सापडतोच. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) द्या, सोबत ओटीपी.

‘५ जीबीपीएस’ हा बहुधा तपासणीविना पॅकेट पुढे ढकलण्याचा वेग असतो. माहितीपत्रकात ‘थ्रेट प्रोटेक्शन’चा, म्हणजे धोक्यांची तपासणी चालू असतानाच्या वेगाचा, आकडा शोधा, तो किमान ६०० एमबीपीएस, म्हणजे तुमच्या लाइनच्या दुप्पट हवा. एसएसएल तपासणीचा (एन्क्रिप्टेड रहदारी उलगडून पाहण्याचा) वेग बऱ्याचदा त्याहून कमी भरतो, तो वेगळा विचारा. ती चालू केलीत तर फायरवॉलचं सर्टिफिकेट प्रत्येक संगणकावर टाका, नाहीतर ब्राउझर इशारे देत राहील. बँकांच्या साइट मात्र वगळा.

भाव ३ वर्षांच्या लायसन्ससह मागा. लायसन्स संपलं की नव्या धोक्यांची यादी येणं थांबतं, पेटी मात्र चालू दिसते. फर्मवेअर (पेटीतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याआधी कॉन्फिगरेशनची, म्हणजे सेटिंग्जची, प्रत काढून दुसरीकडे ठेवा. फायरवॉलचं अॅडमिन पान (जिथून तिच्या सेटिंग्ज बदलतात) बाहेरून उघडता कामा नये.