एसी बसवणार असू तर छताला पंखा कशाला? आणि बीएलडीसी पंख्याने खरंच बिल कमी होतं का?

तुमचा इंटेरिअरवाला म्हणतो की नव्या फ्लॅटमध्ये एसी येणार, तेव्हा हॉल-बेडरूमला पंखे नकोत, पीओपी सलग छान दिसेल. तुम्ही विचारलंय की त्याचं ऐकावं का, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा) ही नुसती जाहिरात आहे का आणि कुठल्या कंपनीचा घ्यावा. पहिल्याचं उत्तर: ऐकू नका. अजिबात ऐकू नका. आमच्या घरात एकाने ऐकलं होतं.

माझं माहेर नागपूरचं. दादाने फ्लॅटचं काम काढलं तेव्हा असाच एक इंटेरिअरवाला आला. सगळ्या खोल्यांतले पंखे उतरवले, स्लॅबमधले हूक पीओपीच्या वर गेले आणि कडेने लाइटच्या पट्ट्या आल्या. आईच्या खोलीतलासुद्धा पंखा काढला. मी ठाण्याहून फोनवर सांगत होते की निदान तिथला तरी राहू दे. तिला एसीचा गार झोत सोसत नाही, गुडघे धरतात. दादाचं म्हणणं, "एसी असताना पंखा लावायचाच नसतो. पंखा वरची गरम हवा खाली आणतो, एसीला डबल काम पडतं." हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण तो आजही तेच म्हणतो.

मे महिन्यात मी मुलांना घेऊन गेले. आईच्या खोलीत एसी २० वर. कारण पंखा नसला की गार हवा एसीसमोरच्या पट्ट्यात साचते, पलंग दुसऱ्या भिंतीला, तिथवर काही पोचत नाही. मग आकडा आणखी खाली आणायचा. थोड्या वेळाने आई कुडकुडायला लागली की बंद करायचा, अर्ध्या तासात घाम, की पुन्हा चालू. रात्रभर हाच खेळ, आणि रिमोट तिला चष्म्याशिवाय दिसत नाही.

त्यातच एका संध्याकाळी वादळ आलं आणि लाइन गेली. घरात इन्व्हर्टर आहे, चांगली दीडशे एएचची बॅटरी. इन्व्हर्टरने काय चालवलं? छताच्या कडेच्या त्या पट्ट्या! अख्खं घर लखलखत होतं आणि वाऱ्याची झुळूक कुठेच नाही. घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे इंटेरिअरवाल्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. बंद फ्लॅट, दिवसभर तापलेल्या भिंती, आईला बीपीची गोळी. आम्ही तिला गॅलरीत खुर्चीवर बसवलं. मी आणि वहिनी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होतो. दादा दर थोड्या वेळाने "येईल आता लाइन" म्हणत होता. ती आली पहाटे.

दुसऱ्या दिवशी दादाने स्टँडचा पंखा आणला. त्याची वायर आईच्या बाथरूमच्या वाटेत. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे असला पंखा मला चालणार नाही, मी सरळ सांगितलं आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने वर टकटक करून, अंदाजाने पीओपी कापून हूक शोधून काढला. नशीब, वायर टेप गुंडाळून तशीच सोडलेली होती. लांब रॉड घेतला, पंखा लागला. पीओपी फोडून परत भरणं आणि छताला रंग यात जे पैसे गेले, त्यात दोन उत्तम पंखे आले असते. दादा आजही छताच्या त्या ठिगळाकडे बोट दाखवतो.

आता मुद्द्यावर. पंखा खोलीचं तापमान एका अंशानेही कमी करत नाही, उलट त्याची मोटर थोडी उष्णताच सोडते. तो अंगावरचा घाम उडवतो, म्हणून आपल्याला दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. म्हणून तर रिकाम्या खोलीत चालू पंखा म्हणजे शुद्ध नासाडी. पण खोलीत माणूस असेल, तर त्याच दोन-तीन अंशांच्या जोरावर एसी २४ ऐवजी २६-२७ वर ठेवता येतो. बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) हिशेबाने एसीचा आकडा एक अंशाने वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो, साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३० वॅट. एसीला थोडा विसावा मिळाला की पंख्याची वीज कधीच भरून निघते. "डबल काम" कुठून आलं, हे दादाने मला आकडे मांडून दाखवावं. आईच्या खोलीत आता एसी २७ वर आणि पंखा दोनवर असतो, ती रात्रभर झोपते, एसी बंद-चालू करायला उठत नाही. बिलही उतरलं. दादा म्हणतो ते अवकाळी पावसाने उतरलं. असो.

बीएलडीसीबद्दल. जाहिरात नाही, पण प्रत्येक खोलीत लावायची वस्तूही नाही. गणित स्वतः करा: साधा पंखा दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट, बीएलडीसी साडेतेरा. एका पंख्यामागे २० युनिट वाचले. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांनंतर जवळपास दुप्पट होतो आणि वाचलेली युनिटं बिलाच्या वरच्या टोकातून कमी होतात. म्हणजे १०० च्या पुढे जाणाऱ्या घराला एका पंख्यामागे महिना दोनशेच्या आसपास. हॉल आणि झोपायच्या खोलीत जास्तीचे पैसे वर्षभरात वसूल. पाहुण्यांच्या खोलीत जन्मात वसूल होणार नाहीत, तिथे साधा लावा.

माझ्या मते त्याचा खरा फायदा बिलात नाही, लाइन गेल्यावर आहे. चार साधे पंखे इन्व्हर्टरवर ३०० वॅट खातात, चार बीएलडीसी १२०. त्याच बॅटरीवर दुपटीहून जास्त वेळ निघतो. शिवाय व्होल्टेज पडलं की साधा पंखा रडत फिरतो, बीएलडीसीचा वेग तसाच राहतो. गावाकडे हे फार जाणवतं.

कंपनी मी सांगणार नाही. २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर सर्व्हिस व्हॅल्यू असते, म्हणजे एका वॅटमागे किती हवा फेकतो तो आकडा. तो बघा आणि एअर डिलिव्हरी, म्हणजे मिनिटाला एकूण किती हवा फेकतो, तीही बघा. कमी वॅटचा पण वारा न देणारा पंखा कुणाच्या कामाचा? बीएलडीसीत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ते गेलं तर कोपऱ्यावरचा वायंडिंगवाला काही करू शकत नाही, म्हणून वॉरंटी आणि तुमच्या गावातलं सर्व्हिस सेंटर आधी विचारा. जुना रेग्युलेटर त्याच्या लाइनमध्ये ठेवू नका. घरात वयस्कर माणसं असतील तर भिंतीवरच्या बटणानेही वेग बदलणारं मॉडेल घ्या. रिमोट उशीखाली हरवतो आणि मग पंखा असून नसल्यासारखा.

साध्या पंख्याचा वारा कमी झाला म्हणून बीएलडीसीकडे वळत असाल, तर आधी पाती पुसा आणि कंडेन्सर बदलून बघा. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

काही गोष्टी राहिल्या. दादाचं म्हणणं एका ठिकाणी खरं आहे: गच्चीखालची खोली, तापलेला स्लॅब, खिडक्या बंद आणि एसीही नाही, अशा वेळी पंखा ती वरची ऊब खाली आणतो. तिथे संध्याकाळनंतर खिडक्या उघडा. आणि खोलीतच पारा ४० च्या वर गेला असेल तर नुसता पंखा अंग तापवतो, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. विदर्भात भर दुपारी कूलर नाहीतर एसी हवाच. ठाण्या-मुंबईच्या दमटपणात मात्र कूलर निरुपयोगी, तिथे पंखाच.

पीओपीवाला येण्याआधी प्रत्येक हूकपाशी जाऊन मोजमाप घ्या. पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर आणि छतापासून फूटभर खाली हवीत, रॉडची लांबी त्यावरून काढा. पंख्याचं वजन स्लॅबमधल्या हूकवरच येऊ द्या, पीओपीच्या पत्र्यांवर कधीही नाही. आणि बिल्डरने कुठे हूक सोडलेला नसेल, तर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) आत्ताच मारून घ्या. इंटेरिअरवाला कुरकुर करेल. त्याला सांगा, मे महिन्यात लाइन गेल्यावर झोपायला तूही इथेच ये.