छताचं पाणी सरळ बोरिंगमध्ये सोडलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला घराचं छत १००० चौरस फुटांचं आहे, प्लंबर एका दिवसात पाइप जोडून पाणी थेट चालू बोरिंगमध्ये सोडायला तयार आहे आणि शेजारी मात्र हरकत घेतायत. शेजाऱ्यांचं बरोबर आहे, गाळल्याशिवाय पाणी बोरिंगमध्ये सोडू नका.

माळव्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरुमाच्या थरातून फिरतं. एरवी पावसाचं पाणी मातीतून हळूहळू गाळून खाली जातं. बोरिंगमध्ये पाइप घातला की ती गाळणी टळते, आणि छतावरची कबुतरांची घाण सरळ भेगेत पोचते. ती भेग पुढे कोणाच्या बोरिंगला मिळते, कोणी सांगावं? (छतावर कबुतरांना दाणे टाकायची सवय असेल तर ती आधी सोडा.)

हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमचं छत ९३ चौरस मीटर. गळती आणि बाष्प वजा जाता ८० टक्के धरा, म्हणजे दर मिलिमीटरला साधारण ७४ लिटर. पावसाळाभरात ९०० मिलिमीटर पडला तर ६५ हजार लिटरच्या वर.

त्यातलं पहिलं पाणी फेकायचंच. मोसमातल्या पहिल्या दोन-तीन सरी पूर्ण नालीत जाऊ द्या. पुढेही चार-पाच दिवस कोरडे गेले की पहिले १५० ते २०० लिटर सोडून द्या. त्यासाठी ११० मिलिमीटरच्या उतरत्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन व्हॉल्व्ह बसवा, एक नालीकडे आणि एक फिल्टरकडे. पहिलं पाणी अडवायला बाजारात मिळणारा ६ इंची, मीटरभर उंचीचा ‘फर्स्ट फ्लश’ पाइप इथे पुरत नाही, त्यात जेमतेम १८ लिटर मावतात.

फिल्टरसाठी १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पक्कं टाकं बांधा. तळाशी ४० मिलिमीटरची गिट्टी ३० सेंटिमीटर, त्यावर १०-२० मिलिमीटरची २० सेंटिमीटर, मग नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर धुतलेली जाड रेती ३० सेंटिमीटर. उरलेली जागा पाणी साचायला. मिस्त्री स्वस्तात क्रशरची चुरी (दगडाचा भुगा) किंवा विटांचे तुकडे टाकू पाहतो, नाही म्हणा. चुरीनं फिल्टर तुंबतो आणि विटांचा गाळ खाली जातो. कोळशाचा थरही नको, थोड्याच दिवसांत तो निकामी होतो. ओव्हरफ्लो मात्र हवाच, नाहीतर जोराच्या सरीत पाणी आवारात पसरेल.

फिल्टरमधून निघालेला पाइप केसिंगमध्ये (बोरिंगच्या तोंडाशी बसवलेल्या जाड पाइपात) वरच्या टोपणातून उतरवा आणि हवा निघायला वेगळी नळी ठेवा, नाहीतर अडकलेली हवा पाणी मागे ढकलते. केसिंगच्या भोवतीची फट सिमेंटनं बंद करा. आवारातल्या फरशीचं पाणी काही केल्या त्यात घेऊ नका. गाडीचं तेल, साबण, सेप्टिक टँकची गळती, सगळं त्यातून खाली जातं.

बोरिंगऐवजी शोषखड्डा करायचा असेल तर काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत खोदा. ती ओली झाली की फुगते आणि तळ बंद करते. वरवरचा खड्डा मग डासांचं डबकं होतो.

माझ्या मते पहिलं काम मात्र १००० लिटरची टाकी. १३-१४ मिलिमीटरच्या एका सरीत ती भरते. धुणी, फरशी, झाडं तिच्यावर भागतात. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून, पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवलं जातं. त्या विजेचा भार इतका की २०२३ साली नगर निगमनं जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले. टाकी भरून वाहील तेच फिल्टरकडे वळवा.

जोडण्याआधी दोन चाचण्या करा. फिल्टरमधून आलेलं पाणी पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ दिसला तर रेती पुन्हा धुवा. मग बोरिंगमध्ये १००० लिटर स्वच्छ पाणी ओतून बघा. तासाभरातही ते उतरलं नाही तर बोरिंग पाणी घेत नाही, तिथे खर्च करू नका. उतरलं तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा रेतीचा वरचा ५ सेंटिमीटर थर खरवडा, आणि दसऱ्यानंतर फिल्टरकडचा व्हॉल्व्ह बंद. भरलेलं पाणी उन्हाळ्यात तुमच्याच बोरिंगला लागेल असं धरून चालू नका. हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याच्या बोरिंगलाही ते लागू शकतं.