‘कोरोना बॅच’मधली आमची मुलगी

(वाचकांचे प्रश्न, नोव्हेंबर 2022)

प्रश्न : आमची मुलगी यंदा बारावीला आहे. 2021 मध्ये परीक्षा न होताच ती चांगल्या गुणांनी दहावी उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. ती त्यांची फार लाडकी. अंत्यदर्शन तिने मोबाइलवरच घेतले. त्यांचा चष्मा तिने स्वतःच्या कपाटात ठेवला आहे; कुणाला हात लावू देत नाही. गेले दोन महिने ती रात्री दोन-तीनपर्यंत जागते, ताट खोलीत घेऊन जाते, सराव परीक्षेतून अर्ध्या तासात उठून येते आणि ‘माझे दहावीचे मार्क खोटे आहेत,’ असे म्हणते. बाकीची मुले रुळली, मग हिलाच काय झाले? मोबाइल काढून घ्यावा, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे.
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, बाकीची मुले रुळली असे वरवर दिसते, पण या मुलांवर काय गुदरले ते आठवून पाहा. 2020 च्या टाळेबंदीत त्यांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली, 2021 च्या दुसऱ्या लाटेत दहावीची रद्द झाली आणि अकरावी प्रवेशासाठी 21 ऑगस्टला ठरलेली सीईटी मुंबई उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली. राज्याचा दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला. तेव्हा पेढे घेणाऱ्यांनीच पुढे या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले. पंधरा-सोळाव्या वर्षी असे बोलणे मनाला लागते. आता पहिलीच बोर्डाची परीक्षा समोर आल्यावर आपल्याला खरोखर काही येते का, ही शंका तिला कुरतडत असावी.

मात्र तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो चष्मा. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहावा-तेरावा होतो, नातलग येऊन बसतात, गेलेल्याच्या आठवणी निघतात, आणि त्या रडण्या-बोलण्यातूनच घरातल्या मुलांनाही ते जाणे हळूहळू उमगत जाते. त्या एप्रिलमध्ये असंख्य घरांना यातले काहीच करता आले नाही. तिचा निरोप घ्यायचा राहून गेला आहे. म्हणून एका संध्याकाळी तिघांनी मिळून आजोबांविषयी बोला. त्यांच्या आवडीचा पदार्थ करा, जुने फोटो काढा, ती रडली तर रडू द्या आणि तुम्हालाही रडू आले तर ते लपवू नका. ‘झाले गेले, आता अभ्यासाला लाग’ हे वाक्य कृपया टाळा. चष्मा तिच्याकडेच राहू द्या.

मोबाइल हिसकावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा बंद असताना तिच्या मैत्रिणी त्या मोबाइलमध्येच भेटत होत्या. या वयात झोपेची वेळ शरीरातच थोडी पुढे सरकलेली असते, त्यात सकाळच्या शाळेची शिस्तही मोडली. त्यामुळे आधी उठण्याची वेळ ठरवा आणि रात्री घरातल्या सगळ्यांचेच मोबाइल, तुम्हा दोघांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. पेपरचेही तसेच. सलग तीन तास लिहिण्याची सवय तुटली आहे, म्हणून आज घड्याळ लावून एकच प्रश्न, आठवड्याने एक विभाग, असे करत पूर्ण पेपरापर्यंत न्या. गुण लगेच मोजू नका.

दोन महिने झोप आणि जेवण बिघडलेले आहे, तेव्हा हे घरगुती उपाय करतानाच मानसोपचारतज्ज्ञांना नक्की दाखवा; जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. त्याआधी आजच तिच्याजवळ बसून शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, ‘जगू नये असे कधी मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून त्यांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले, किंवा ती नुसतीच गप्प राहिली, तर तिला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गेल्या 10 ऑक्टोबरला केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416 आहे. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःला धीर हवा असेल, तरी तेथे फोन करा.