कोणत्या आवडत्या दिग्दर्शकाच्या सिनेमातले छोटे क्षण सगळ्यांना आपले वाटतात?

माझं उत्तर सुमित्रा भावे. सुनील सुकथनकरांसोबत केलेले त्यांचे सिनेमे बघा, 'अस्तु'पासून सुरू करा.

त्यात मोहन आगाशे संस्कृतचे मोठे पंडित आहेत, अल्झायमर झालाय, मुलगी त्यांना दोन मिनिटं गाडीत बसवून जाते आणि तेवढ्यात हत्ती दिसला म्हणून हे आपले लहान पोरासारखे त्याच्यामागे चालू पडतात. पुढे माहुताची बायको त्यांना सांभाळते, ती बोलते कानडी, शिकलेली नाही, पण हे गृहस्थ कोण, घर कुठे, याची पंचाईत करत बसण्याआधी ती त्यांना जेवू घालते, आणि ते तिलाच आई म्हणायला लागतात. तिकडे मुलीला काळजी तर आहेच, पण या आजारपणाने आलेला थकवा आणि चिडचिडही आहे, ती लपवलेली नाही, मला सगळ्यात खरं तेच वाटलं. अमृता सुभाषला त्या माहुताच्या बायकोसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच हवा होता.

आमच्या इंदूरला मराठी सिनेमा थेटरात लागला तर लागला, त्यामुळे रामबागेत आत्याकडे टीव्हीवर बघितला. शेजारच्या भाभी हिंदीवाल्या, मराठी जेमतेम समजतं, तरी मधेच म्हणाल्या, "हमारे बाऊजी भी ऐसे ही निकल जाते थे." मग काय, सिनेमा पॉज करून अर्धा तास बाऊजींचेच किस्से!

नंतर 'कासव' बघा, पण एकाच दिवशी दोन्ही नको.