बाबांना हार्ट फेल्युअर आहे आणि झोपेत श्वास थांबतो. मशीन लावावं का?

आधी रात्रभराची स्लीप स्टडी करून प्रकार ओळखा. घशाची वाट बंद होऊन श्वास अडत असेल, तर सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा, उपयोग होतो; दिवसाची पेंग कमी होते. पण मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबत असेल, म्हणजे सेंट्रल स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर कृपा करून एएसव्ही मशीन (श्वासाप्रमाणे हवेचा दाब आपोआप कमी-जास्त करणारं) परस्पर घेऊ नका. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ४५ टक्के किंवा कमी असलेल्या अशा रुग्णांचा श्वास त्या मशीनने सुधारला, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. तिथे आधी हार्ट फेल्युअरची औषधं नीट बसवायची. अंगातलं पाणी उतरलं की श्वासही बरेचदा सुधारतो. ईकोचा रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नका.