काठीच्या होळीला पहिल्यांदा जाताना

भाऊ, मित्रांसोबत नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी, म्हणजे जुन्या संस्थानाच्या, आदिवासी होळीला निघालात, फार बरं केलंत. अक्कलकुव्याहून मोलगीकडचा घाट उजेडातच चढा. होळी पेटते पहाटे, तोवर रात्रभर ढोल चालतो. म्हणून दुपारी झोप काढून घ्या. सातपुड्यात रात्री गारठा असतो, चादर हवीच.

ढोलाच्या अगदी पुढ्यात उभं राहू नका. जरा बाजूला थांबलात की बासरीही कानावर येते, आणि बुध्यांच्या (नवसासाठी वेष घेऊन नाचणाऱ्यांच्या) कमरेचे वाळके भोपळे खुळखुळतात तेही. त्यांच्या अंगावरची पांढरी नक्षी मला तिथूनच नीट बघता आली. बुध्या कडक पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात, नवसाचं काम आहे ते. फोटो विचारूनच काढा. गर्दीत चुकामूक होतेच, भेटायची जागा आधी ठरवून ठेवा.